घड्याळाकडे बघा

बाराला दहा कमी होते तेव्हा पावशेरचा कान उडाला.
आधी एकच, माशी बसल्यासारखा.
मग मिशा, मग खांद्यावरची कातडी,
उकळी फुटायच्या आधी दुधाची साय हलते तशी,
आणि मला वाटलं, स्वप्न पडलंय मांजरीला.

दुपारी मीच लावलं होतं ते औषध.
पेडणेकर वहिनींच्या ब्रूनोचं, नळीत अर्धं उरलेलं.
पिसवांवर रामबाण, म्हणाल्या.
खोक्यावर कुत्र्याचं चित्र होतं.
चित्र मी पाहिलं. चष्मा शोधला नाही.

ती उठली ती चारी पायांनी चार दिशांना उठली,
कपाटाला धडकली, लादीवर आडवी झाली,
आणि पाय धावू लागले, जागच्या जागी,
जणू सगळं कन्नमवार नगर तिच्या मागे लागलंय.

दार उघडं होतं, त्यामुळे सल्ले आत आले.
दूध पाजा, दुधानं विष उतरतं.
तूप. मिठाचं पाणी.
तळमजल्यावरचे गावंडे म्हणाले, दातखिळी बसेल, चमचा घाला तोंडात.
आणि कुणीतरी, कोण ते दिसलं नाही,
कांदा फोडा म्हणालं, नाकाशी धरा.
नाहीतर चप्पल.

कांद्याबरोबर अच्युत आला.
नऊ वर्षांचा, गणवेशात, लादीवर टाचा आपटत,
भोवती मोठी माणसं, प्रत्येकाच्या हातात आपापली चप्पल,
कुणाच्या चपलेनं उतरतं याची चढाओढ.
मी दारामागे मोजत होते.
मला शंभरपर्यंतच येत होतं.
शंभर झाले की पुन्हा एकपासून.

डॉक्टर तस्नीमचा आवाज झोपेतला होता,
माझ्या दुसऱ्या वाक्याला जागा झाला.
काय लावलंत? खोकं कचऱ्यातून काढा, बरोबर आणा.
पोटात काही घालू नका. तोंडात बोटसुद्धा नाही.
दिवा मालवा, माणसं बाहेर काढा.
झटका थांबला तर कोमट पाण्यानं धुवा, भांड्यांचा साबण चालेल,
पुसा, गुंडाळा, गार पडू देऊ नका.
पाच मिनिटांत नाही थांबला तर तशीच निघा.
आणि घड्याळाकडे बघा, रडत असलात तरी.

चार मिनिटं.
शंभराच्या पुढचं येतं आता मला.

मोरीत बसून धुतली तिला,
मानेमागे, जिथे दुपारी माझंच बोट फिरलं होतं.
लिंबाचा वास. भिजून ती एवढीशी झाली,
नावाला जागली.

सायनच्या पुढे रिक्षा जात नाही.
तिथे टॅक्सी मिळेपर्यंत टॉवेलात काहीतरी चालू होतं,
बंद करायचं बटण नसलेलं.
परळला, जनावरांच्या दवाखान्यात, बाकावर
एक माणूस आपल्या लॅब्रेडॉरचे ओठ उलटून
येणाऱ्याजाणाऱ्याला हिरड्या दाखवत होता:
पांढऱ्या वाटतायत का हो तुम्हाला?
उंदराचं औषध. परवा खाल्लं होतं म्हणे,
काल तर छान खेळला.
मी खरं सांगितलं नाही. डॉक्टरांना हाक मारली.

मग आमची पाळी. खोकं पुढे केलं.
गुन्हा कबूल करताना हातात काही असलेलं बरं.
सलाइन, आखडलेले स्नायू सैल करायची सुई.
जगेल का?
रात्र जाऊ दे, म्हणाली तस्नीम.
गेली. दुसरीही गेली.

तिसऱ्या दिवशी तिनं बोंबील मागितला,
म्हणजे माझ्या पायाला चावली.
कान अजून उडतो, अधूनमधून.
वहिनींनी ब्रूनोचं कपाट आवरलं, मला भेटल्या नाहीत अजून.

रात्री नालासोपाऱ्याला फोन केला.
अच्युत आता बेचाळीसचा, गोळी चालूच आहे.
सगळं सांगितलं. खोक्याचंही.
तो बराच वेळ बोलला नाही, पाठीमागे त्याचा पंखा ऐकू येत होता.
मग विचारलं,
कांदा नाही ना हुंगवलास तिला?
नाही रे.
बरं केलंस.
मला शुद्ध यायची तेव्हा आधी तो वास यायचा.
तुम्ही सगळे नंतर.